पहिला वस्तरा : आधी धार, मग दगड

किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने हे रेझर लाखांनी विकत घेऊन सैनिकांच्या हाती दिले आणि घडीचा वस्तरा घराघरांतल्या आरशासमोरून हलला तो हललाच. आपल्याकडे न्हाव्याच्या धोपटीत तो आणखी काही दशके टिकला. पुढे एड्स आणि काविळीच्या धास्तीने तिथेही अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. तरी जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये आणि फ्रान्समधल्या तिएरमध्ये अस्सल वस्तरे आजही घडतात, आणि ते हौसेने मागवणारे पुण्या-मुंबईतही आहेत.

या हौशी माणसाला पहिल्या खरेदीच्या वेळी चार सल्ले हमखास मिळतात. पहिला वस्तरा स्वस्तातला घ्या, बिघडला तरी हळहळ नको. धार पहिल्या दिवसापासून स्वतःच लावा, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. दगड जितका बारीक, तितकी धार उत्तम. आणि चामड्याच्या पट्ट्यावर नेमाने फिरवलात, तर दगडाची गरजच पडणार नाही.

चारही सल्ले ऐकायला शहाणपणाचे वाटतात आणि चारही नवशिक्याला खड्ड्यात घालतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे : पहिला वस्तरा सरळ पाठीचा आणि जाणत्या हाताने धार लावलेलाच घ्यावा, पहिले काही महिने दगडाला हात लावू नये, आणि दगडाची वेळ येईल तेव्हा सगळी मेहनत सर्वांत खरखरीत दगडावर करावी.

बचतीचा मुद्दा आधीच निकालात काढलेला बरा. वस्तरा घेतला की ब्लेडचा खर्च वाचतो, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. वस्तरा, पट्टा आणि एखादा दगड मिळून दहा हजार रुपये धरू. आकडा फुगवलेला नाही. दुधारी ब्लेड तीन रुपयांचे आणि ते आठवडाभर चालते असे मानले, तर दहा हजारांत ६४ वर्षांची ब्लेडे येतात. ज्याला हत्यार सांभाळण्यात गोडी आहे आणि सकाळची पंधरा मिनिटे सावकाश घालवायला आवडतात, त्याने वस्तरा घ्यावा. बाकीच्यांनी जिलेटचे आभार मानून कामाला लागावे.

आता स्वस्त वस्तऱ्याचा सल्ला. शिकाऊ माणसाने स्वस्त हत्यारावर हात बसवावा, हा हिशेब पुष्कळ ठिकाणी खरा ठरतो. वस्तऱ्यापाशी तो का फसतो, हे पात्याची घडण पाहिल्यावर कळते. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात ती सोय पात्यातच केलेली असते. पाते दगडावर आडवे ठेवले की एकीकडे जाड पाठ टेकते, दुसरीकडे धार टेकते आणि कोन आपोआप ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन १६ अंशांच्या किंचित वर येतो. झोलिंगेनचा पाच-अष्टमांश इंची वस्तरा साधारण याच मापाचा असतो. म्हणजे कोन कारखान्यातच ठरला. घरी बसून दगड घासणाऱ्याने तो फक्त पाळायचा.

आता हीच पाठ मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ असेल, किंवा पाते जरासे पिळवटलेले असेल, तर काय होते? दगडावर धारेचा मधला भागच टेकतो, टोक अधांतरी राहते आणि कितीही घासले तरी शेवटच्या बोटभर भागाला धार येत नाही. चकचकीत मुलाम्याच्या, पाच-सातशे रुपयांच्या वस्तऱ्यांत हा दोष नेहमीचा. तो दुरुस्त होतो, पण त्यासाठी पाठ घासावी लागते, मुठीकडचा कोपरा गोलवावा लागतो आणि तासन्‌तास खर्ची पडतात. ज्याला हे काम जमते त्याला स्वस्त वस्तऱ्याचा सल्ला लागत नाही, आणि ज्याला सल्ला लागतो त्याला हे काम जमत नाही.

याउलट महागड्या पोलादाच्या नावाला भुलणारेही कमी नाहीत. हा मोह जुना आहे आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली मुंबईहून हिंदी पोलादाचे, म्हणजे वूट्झचे, नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे पाठवले. लंडनमध्ये हत्यारे घडवणाऱ्या जेम्स स्टोडार्टने त्या पोलादाचे पाते करून पाहिले. पुढे मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन त्याने पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळण्याचे प्रयोग केले. १८२२ साली ते प्रसिद्ध झाले. चांदीचे प्रमाण त्यांना पाचशेत एक एवढेच पुरले. त्यानंतर शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे झळकू लागली. अक्षरे कोरायला चांदी लागत नाही, हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही. आज तेच काम ‘दमास्कस’ हा शब्द करतो.

दाढीपुरते पोलाद साधेच लागते. सुमारे एक टक्का कार्बन असलेले, रॉकवेल मापावर साठच्या आसपास कडक केलेले पोलाद मिळाले की भागले. स्टेनलेस घ्यावे की नाही, याचे उत्तर हवामानात आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कार्बन पोलादावर रात्रीतून तांबूस ठिपके येतात; तिथे स्टेनलेसचा विचार जरूर करावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत पाते पुसून तेलाचा एक थेंब फिरवला, की काळजी मिटते.

गावाच्या नावाचेही तसेच. ‘झोलिंगेन’ या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि १९९४ च्या नियमांनुसार घडणीचे महत्त्वाचे टप्पे त्याच परिसरात झाले असतील तरच ते नाव पात्यावर घालता येते. ही हमी मोलाची आहे. पण ती पात्याच्या जन्मगावाची हमी आहे, आपल्या हाती आलेल्या धारेची नाही. कारखान्यातून निघालेला उत्तम वस्तराही बऱ्याचदा शेवटचा हात फिरवल्याशिवाय दाढीच्या लायकीचा होत नाही.

इथे दुसऱ्या सल्ल्याची गाठ पडते : मग तो शेवटचा हात स्वतःच का फिरवू नये? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरे. पण पोहायला शिकवणारा पोराला पहिल्या दिवशी संथ विहिरीत उतरवतो, पुराच्या नदीत ढकलत नाही. नवशिक्याचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणावा. पाते गालावर ओढते, गळ्यावर लाल पुरळ उठते, कानाखाली रक्ताचा थेंब दिसतो. दोष कोणाचा? धार कच्ची असू शकते. धार चांगली होती, पण पट्ट्यावर फिरवताना ती मोडली, असेही असेल. किंवा धारही ठीक, पट्टाही ठीक. फक्त पाते त्वचेशी तीस अंशांत धरण्याऐवजी पन्नास अंशांत धरले गेले. तिन्ही कामे एकदम शिकणाऱ्याला यातला गुन्हेगार ओळखता येत नाही. तो दगडाला दोष देतो, आणखी बारीक दगड मागवतो, आणि मूळ चूक मनगटात तशीच राहते.

धार जाणत्या हाताने लावलेली असेल तर एक संशयित आधीच सुटतो. उरलेल्या दोघांतला भेदही दिसतो. पहिलीच दाढी वाईट झाली तर कोन चुकला. पहिली चांगली आणि चौथी वाईट झाली तर पट्टा चुकला. ही साधी परीक्षा स्वतः धार लावणाऱ्याला कधीच उपलब्ध नसते. शिवाय चांगली धार कशी लागते, हे ज्याच्या गालाला एकदाही कळलेले नाही, त्याने दगडावर थांबायचे कुठे?

तिसरा सल्ला दगडाच्या नंबराचा, आणि या बाबतीत दुकानदार नि गिऱ्हाईक दोघेही सारखेच भोळे. जपानी औद्योगिक मानकानुसार हजार नंबरच्या दगडातले कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचे, चार हजारचे तीन मायक्रॉनचे आणि आठ हजारचे सव्वा मायक्रॉनच्या आतबाहेरचे असतात. हे मानक आठ हजारापाशी संपते. त्यापुढचे बारा हजार, वीस हजार, तीस हजार हे आकडे ज्या-त्या कंपनीचे स्वतःचे. एकाचे बारा हजार आणि दुसऱ्याचे बारा हजार सारखे असतीलच, असे मानायला आधार नाही.

नंबर नसलेल्या दगडांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बेल्जियमच्या आर्देन भागात व्हिएलसाल्मच्या आसपास कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड निघतो. शेकडो वर्षे युरोपातल्या वस्तऱ्यांना त्यावर धार लागली. त्याचे काम करतात ते आतले गार्नेटचे बारीक स्फटिक. दगडावर पाणी घालून दुसऱ्या तुकड्याने घासले की दुधासारखा चिखल तयार होतो आणि त्यात पोलाद भराभर कापले जाते. चिखल धुऊन नुसत्या पाण्यावर पाते फिरवले की तोच दगड अगदी हळू, गुळगुळीत काम करतो. एकाच दगडाचे दोन स्वभाव. त्याला कोणता नंबर द्यायचा?

बारीक दगडाच्या भक्तांचे एक म्हणणे मान्य करावेच लागते : शेवटचा दगड धारेला मऊपणा देतो आणि हा फरक त्वचेला जाणवतो. पण तो मऊपणा जिथे आधी धार आहे तिथेच उतरतो. पात्याच्या दोन उतरत्या बाजू ज्या रेषेवर एकमेकींना भेटतात, ती रेषा म्हणजे धार. त्या बाजू टोकापासून मुठीपर्यंत पुरत्या भेटलेल्याच नसतील, तर बारा हजारचा दगड त्या बोथट कडेला फक्त चकाकी देतो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार.

चौथा सल्ला पट्ट्याचा. पट्टा हवाच, रोज, दाढीच्या आधी. पण तो धार लावत नाही. तो असलेली धार साफ आणि सरळ करतो. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो. मग पाते झिजतेच का, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी घेतला आणि २०२० साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. बाजारात मिळणाऱ्या साध्या रेझरने दाढ्या करून त्यांनी पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नुसत्या झिजेपेक्षा धारेचे सूक्ष्म टवके उडालेले दिसले. केस तिरका वाकला आणि पोलादाच्या रचनेतल्या असमान जागेशी त्याची गाठ पडली, की कड तिथे फुटते. ती पाती घडीच्या वस्तऱ्याची नव्हती, पण कापला जाणारा केस तोच आणि कापणारी कडही तितकीच नाजूक. उडालेला टवका चामडे परत आणून देत नाही. म्हणून पट्टा दगडाची पाळी पुढे ढकलतो, कायमची टाळत नाही.

याच संशोधनातून एक घरगुती शहाणपणही निघते. कोरडा केस टणक असतो. तो कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवून, साबणाचा दाट फेस चोळून मग पाते लावले, तर चेहराही वाचतो आणि धारही.

सलूनमधला ब्लेडचा वस्तरा आधी वापरून पाहावा, म्हणजे सराव होतो, असा पाचवा सल्लाही कानावर येतो. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावतात ते आरोग्यासाठी अगदी योग्यच आहे आणि अस्सल वस्तरा दोघांत वापरायचा नसतो हेही तितकेच खरे. पण सरावाच्या दृष्टीने ही दोन हत्यारे वेगळी. ब्लेडचा वस्तरा हलका असतो, त्याची कड कडक आणि निर्दय असते, थोडा कोन चुकला की कापतो. अस्सल वस्तऱ्याचे पोकळ घासलेले, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट केलेले, पाते वजनदार आणि किंचित लवचिक असते. ते स्वतःच्या वजनाने चालते. शिवाय ब्लेडच्या वस्तऱ्याने पट्ट्याचा सराव काडीचाही होत नाही.

इतके खंडन केल्यावर विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा : भारतात वस्तऱ्याला नीट धार लावून देणारा माणूस शोधायचा कुठे? कोपऱ्यावरच्या चाकवाल्याकडे दिला तर तो पात्याची वाट लावतो. आक्षेप खरा आहे. अशी माणसे मोजकी आहेत, बरीचशी हौशी आहेत आणि त्यांच्याशी व्यवहार कुरियरने करावा लागतो. पण त्याचे उत्तर खरेदीच्या वेळी आहे. काही विक्रेते पाठवण्याआधी हाताने धार लावून देतात आणि तसे स्पष्ट सांगतात. त्यांच्याकडे चार पैसे जास्त पडले तरी ते पैसे पोलादाच्या नावावर किंवा हस्तिदंती दिसणाऱ्या मुठीवर घालवण्यापेक्षा सार्थकी लागतात.

तेव्हा निवड कशी करावी? पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंच रुंदीचे पाते घ्यावे. पूर्ण किंवा अर्धे पोकळ घासलेले चालेल. जुन्या शेफिल्ड पद्धतीचे पाचरीसारखे भरीव पाते दिसते राजेशाही, पण दगडावर फार घाम काढते. टोक गोल असावे. टोकदार टोकाने मिशीची कड छान रेखली जाते खरी, पण कानाच्या पाळीलाही ते तितक्याच आवडीने रेखते.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुना वस्तरा हाती आला, तर खिशात काचेचा छोटा तुकडा ठेवावा. पाते काचेवर आडवे ठेवायचे आणि टोकाला अलगद बोट लावायचे. पाते डुलले तर ते पिळलेले आहे. परत ठेवून द्यावे. पाठ एका बाजूला जास्त झिजलेली, धार मध्येच आत वळलेली, कडेलगत गंजाचे खड्डे पडलेले, असे काही दिसले तरी मोह आवरावा. पाठीवरच्या डागांकडे मात्र दुर्लक्ष करावे, त्यांनी दाढीचे काही बिघडत नाही. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावरच गंज दाटलेला असेल, तर तेही सोडावे. कुजणारे सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडते आणि नव्याने घासलेले पातेही खाऊन टाकते.

स्वस्ताईची हौस पुरवायचीच असेल तर ती पट्ट्यावर पुरवावी. पहिल्या पट्ट्याला नवशिक्या चीर पाडतोच. पट्टा ताणून धरावा, पाते सपाट ठेवावे, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढावे, आणि वळवताना पाते पाठीवरून उलटावे. पाठ चामड्यावरून उचलली जाता कामा नये. कापडी बाजूवर पंचवीस-तीस आणि चामड्यावर पन्नासेक फेऱ्या पुरेत. वेगाला काडीची किंमत नाही.

काही महिन्यांनी पट्टा फिरवूनही पाते केस ओढू लागले, की मग दगड. हजार, चार हजार आणि आठ हजार, एवढे तीन पुरे आहेत, आणि तिघेही सपाट हवेत. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून डायमंड प्लेटवर घासावे. सगळ्या रेघा एकदम पुसल्या तर दगड सपाट. मग धारेलगतच्या अरुंद चकचकीत पट्टीवर दोन्ही बाजूंनी काळा मार्कर फिरवावा. हजारच्या दगडावर पाणी घालून, पाते सपाट ठेवून, धार पुढे करून, नुसत्या पात्याच्या वजनाने दोन फेऱ्या माराव्यात आणि दहापट भिंगातून पाहावे. शाई कडेपर्यंत सगळीकडे गेली असेल तर पाते आणि दगड एकमेकांना नीट भेटत आहेत. टोकाशी शाई राहिली असेल तर पाते दगडावर किंचित तिरके ओढत टोकापर्यंत न्यावे. दाब वाढवू नये. पोकळ पाते दाबाने लवते आणि कड दगडावरून सुटते.

किती फेऱ्या, या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. पाते दिव्याखाली धार वर करून धरावे. जिथे उजेडाची बारीक रेघ चमकते, तिथे कड बोथट आहे. टोकापासून मुठीपर्यंत एकही चमक उरली नाही आणि मनगटाजवळचे केस पाते त्वचेला न टेकवता तुटू लागले, की हजारचे काम संपले. हे होईपर्यंत चार हजारच्या दगडाकडे पाहूही नये. पुढच्या दोन दगडांना मिळून पाव तास लागतो.

पाठीवर विजेची टेप लावावी की नाही, यावर हौशी लोक हमरीतुमरीवर येतात. दीड दशांश मिलिमीटरची टेप दोन्ही बाजूंनी पाठ जाड करते आणि वर सांगितलेल्या पात्याचा कोन साधारण एक अंशाने वाढवते. दाढीत फरक पडत नाही, पाठ झिजायची वाचते. लावली तर दर वेळी लावावी, एवढेच पथ्य.

पहिल्या वस्तऱ्यासाठी पैसे बाजूला काढले असतील, तर ते या क्रमाने खर्च करावेत : सरळ पाते, त्यावर जाणत्याने लावलेली धार, साधा पट्टा, आणि सहा महिन्यांनी हजारचा दगड. मुठीचे लाकूड आणि पात्यावरचे सोनेरी नक्षीकाम यादीत सर्वांत शेवटी. आणि विक्रेत्याला एकच प्रश्न जरूर विचारावा : या पात्याला शेवटची धार कोणी लावली आणि कोणत्या दगडावर? उत्तर देताना तो अडखळला, तर वस्तरा कितीही देखणा असला तरी घेऊ नये.